गेटरच्या पाण्यात गळ टाकताना

शनिवारी सकाळी मी खाडीत कमरेभर पाण्यात उभा राहून मासे धरतो, हे हूस्टनमध्ये नव्याने आलेल्या कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "अहो, पण मगरी?" प्रश्न चुकीचा नाही. हूस्टनपासून पूर्वेला तासाभरावर ॲनावॅक नावाचं गाव आहे. टेक्सासच्या विधिमंडळाने १९८९ साली त्याला राज्याची 'ॲलिगेटर राजधानी' म्हणून जाहीर केलं. ते गाव ज्या ट्रिनिटी बेच्या काठावर आहे, त्याच पाण्यात लोक रॉड घेऊन उतरतात.

मी मूळचा सांगलीचा, बायको रत्नागिरीची. म्हणजे मगर माझ्या माहेरची आणि मासा तिच्या. कृष्णेच्या काठावर ऊन खात पडलेली मगर लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे मला वाटायचं, आपल्याला यातलं कळतं. ते तसं नव्हतं. इथे बारा वर्षं पाण्यात उतरतोय. गेटरने (ॲलिगेटरला इथे थोडक्यात गेटर म्हणतात) आजवर एकदाही मला स्पर्श केलेला नाही. पाकटाने एकदा नांगी मारली आणि कालवांनी किती वेळा कापलं ते मोजलेलं नाही. पण गेटरने माझे मासे मात्र नेले आहेत, आणि त्यात चूक माझी होती. नवीन माणसाला एकच गोष्ट सांगायची झाली तर ती हीच, की गेटर सहसा माणसामागे येत नाही, माशामागे येतो. तुम्ही मासा कमरेला बांधून फिरत असाल, तर हा फरक त्याला कळण्याची जबाबदारी तुम्ही त्याच्यावर टाकलेली असते.

आधी पाणी ठरवा, मग गळ

नवखा माणूस आधी दुकानात जाऊन रॉड घेतो. मी म्हणेन, आधी नकाशा उघडा आणि गोडं पाणी कुठून येतं ते बघा.

ॲलिगेटर आणि आपली मगर हे चुलतभाऊ. ॲलिगेटरचा जबडा रुंद आणि पुढे गोलसर, रंग काळपट, आणि तोंड मिटलं की खालचे दात दिसत नाहीत. पण मासेमारी करणाऱ्याच्या कामाचा फरक आतला आहे. मगरीच्या जिभेवर जास्तीचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. ॲलिगेटरमध्ये ती सोय चालत नाही. म्हणूनच गोव्यात कुंभारजुव्याच्या खाऱ्या कालव्यात मगरी सुखाने राहतात, आणि इथला गेटर खाऱ्या पाण्यात आला तरी काही काळाने गोड्या पाण्याकडे परततो. तो समुद्रात येतच नाही असं नाही. येतो, खातो, आणि जातो.

गॅल्व्हस्टन खाडी ही एकसारखी खाडी नाही. ईशान्येच्या टोकाला ट्रिनिटी नदी येऊन मिळते, तो भाग ट्रिनिटी बे. पूर्वेला ॲनावॅकच्या अभयारण्याला लागून ईस्ट बे, तिथे मैलोन् मैल खाजणासारखं गवताळ पाणथळ रान. दक्षिणेला गॅल्व्हस्टन बेटाच्या मागे वेस्ट बे, जिथे समुद्राचं पाणी सरळ आत येतं. पहिलं वर्षभर वेस्ट बेमध्येच उतरा. गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्कची खाडीकडची बाजू शिकायला उत्तम: तळ बराचसा वाळूचा, पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंत, गाडी जवळ लागते. त्याच पार्कमधल्या गोड्या तळ्यांत मात्र गेटर आहेत, त्यामुळे तळ्याच्या कडेने पोरांना फिरवू नका.

आता, खारं पाणी कायम खारंच राहतं असं नाही. वर पाऊस झाला आणि लिव्हिंग्स्टन धरणातून ट्रिनिटीत विसर्ग वाढवला की चार-आठ दिवसांत खाडीचा वरचा भाग गोडा होतो. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की सांगलीकर जसे कान टवकारतात, तसे इथे टवकारायचे. पुरात गेटर नदीतून वाहत खाली येतात. मोठ्या पुरानंतर ते थेट बोलिव्हरच्या समुद्रकिनाऱ्यावरही दिसलेले आहेत. नदीची पातळी अमेरिकेच्या भूशास्त्रीय खात्याच्या संकेतस्थळावर रोज दिसते. ती पाहायचा कंटाळा असेल तर डोळे वापरा. खाडीत जलपर्णीचे पुंजके तरंगताना दिसले तर समजा, नदी इथवर आली आहे. काठाला पाणकणीस दिसलं तर पाणी नेहमीच गोडसर असतं. काठाला फक्त आखूड, कडक खारं गवत असेल तर त्यातल्या त्यात बरं. जलपर्णी दिसली की मी गाडी वळवतो. मासेही तसे पाण्यात फारसे मिळत नाहीत, त्यामुळे दुःख होत नाही.

महिना आणि वेळ

गेटर थंड रक्ताचा. हवा २१ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की त्याची भूक मंदावते, १३ च्या खाली तो जवळजवळ निपचित पडून राहतो. म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी हे ट्रिनिटी बे आणि ईस्ट बेसारख्या 'गेटरच्या' पाण्यात तुम्ही उतरायचे महिने. छातीपर्यंतचे रबरी वेडर घालावे लागतात, थंडीने बोटं आखडतात, पण मोठे ट्राउट याच दिवसांत लागतात. थंडीतही उन्हाचा दिवस निघाला की गेटर काठावर येऊन पडतो, हे लक्षात असू द्या.

एप्रिल-मेमध्ये त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो, नर जास्त फिरतात. जून ते जुलैच्या सुरुवातीला मादी गवता-चिखलाचा ढीग करून अंडी घालते आणि साधारण दोन महिने त्याच्या आसपास राहते. पिल्लं बाहेर येतात ती ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, म्हणजे आपल्या गणपतीच्या सुमारास. या काळात गवताच्या काठापासून लांब राहा. ढीग दिसला, फुसकारा ऐकू आला, किंवा छोट्या बेडकासारखा बारीक, घशातला आवाज गवतातून आला, तर मागे फिरा. तो आवाज पिल्लांचा असतो आणि आई कुठे आहे ते तुम्हाला दिसत नसतं.

वेळेचा पेच खरा आहे. मासा पहाटे आणि संध्याकाळी लागतो, आणि गेटर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत शिकारीला असतो. माझा नियम असा: वेस्ट बेच्या खाऱ्या पाण्यात झुंजुमुंजू होताना उतरतो, नदीजवळच्या पाण्यात सूर्य चांगला हातभर वर आल्यावर, आणि मावळायच्या तासभर आधी बाहेर. रात्री त्या पाण्यात कधीच नाही. २०१५ साली टेक्सासमध्ये ऑरेंज गावाजवळच्या बायूत (संथ वाहणाऱ्या ओढ्यात) गेटरच्या हल्ल्यात एका तरुणाचा मृत्यू झाला. राज्यात अशी घटना त्याआधी कित्येक पिढ्यांत झाली नव्हती. तो रात्री, सावधगिरीची पाटी लावलेल्या ठिकाणी पोहायला उतरला होता.

परवाना आणि माप

सतरा किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला परवाना लागतो, आणि खाऱ्या पाण्यासाठी वेगळी मान्यता. दोन्ही एकत्र असलेलं पॅकेज मिळतं, तेच घ्या. टेक्सासमध्ये सलग सहा महिने राहिल्याशिवाय 'रहिवासी' दर लागू होत नाही. नवीन आलेल्यांनी तोवर एका दिवसाचा परवाना घ्यावा. परवान्याचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट.

मासे तीन. रेडफिश: शेपटीजवळ काळा ठिपका, २० ते २८ इंचांचाच ठेवायचा, दिवसाला तीन. ठिपक्यांचा ट्राउट: २०२४ पासून १५ ते २० इंच, दिवसाला तीन. नाव ट्राउट असलं तरी हे दोन्ही मासे आपल्या घोळ-ढोम्याच्याच कुळातले. बायकोने पहिल्यांदा रेडफिश चिरला तेव्हा तिला ते कुणी सांगावं लागलं नाही. तिसरा फ्लाउंडर, आपल्या लेप्यासारखा चपटा, किमान १५ इंच. नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्याला बंदी. ही मापं बदलतात, म्हणून दर सप्टेंबरला नवीन पत्रक बघा. धरलेला मासा विकायचा नाही; टेक्सासने १९८१ मध्येच रेडफिश आणि ट्राउटच्या विक्रीवर बंदी घातली आहे. मंडळात कुणी 'दोन किलो द्या की' म्हणालं तर फुकट द्या किंवा नाही म्हणा.

सामान, आणि त्यातली एक दोरी

सात फुटांचा मध्यम रॉड, स्पिनिंग रील, दहा-पंधरा पौंडांची विणलेली दोरी, पुढे हातभर वीस पौंडांचा पारदर्शक लीडर (गळाजवळचा टोकाचा तुकडा). सुरुवातीला पाव औंसाचा जिग (वजनदार डोक्याचा गळ) आणि त्यावर शेपूट हलवणारा रबरी मासा, एवढं पुरतं. सोनेरी चमचाही (चमच्यासारखं चमकणारं धातूचं आमिष) ठेवा, रेडफिशला तो फार आवडतो. पाण्यात आरपार बघायला पोलराइज्ड चष्मा. पायात पाण्यात चालायचे बूट, चप्पल किंवा क्रॉक्स नाही. शक्यतो घोट्यावर पाकटाच्या काट्यापासून वाचवणारं कवच. कमरेला पट्टा, अंगात पातळ फुगवायचं लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी, हाताशी पक्कड आणि दोरी कापायला चाकू. फोन पिशवीत, छातीच्या वर.

आता ती दोरी. इथे पकडलेले मासे एका दोरीत ओवून ती कमरेला अडकवतात, तिला स्ट्रिंगर म्हणतात. मासे पाण्यात जिवंत राहतात, ताजे राहतात, सगळं छान. माझ्या दुसऱ्या वर्षी मी ईस्ट बेला एका ओहोळाच्या तोंडाशी असाच उभा होतो, स्ट्रिंगरवर दोन रेडफिश. ओहोटीला खाजणातलं पाणी ज्या वाटेने बाहेर येतं ती ही जागा. कोळंबी आणि बोई तिथून वाहत येतात आणि मासे खायला उभे असतात. पट्ट्याला एक झटका बसला. वाटलं, मासा धडपडतोय. दुसऱ्या झटक्याला मी बसकण मारली. वळून पाहिलं तर दोरीच्या टोकाला काळं डोकं. दोरी पट्ट्याला गाठ मारून बांधली होती, सुटेना. चाकू बॉक्समध्ये, बॉक्स गाडीत. शेवटी दोरी त्यानेच तोडली. किनाऱ्यावर आल्यावर पाय इतके कापत होते की अर्धा तास गाडी चालवता आली नाही.

त्यातून शिकलो ते असं. नदीजवळच्या पाण्यात स्ट्रिंगर वापरायचाच नाही. मासा ठेवायचा असेल तर चालत जाऊन गाडीतल्या किंवा होडीतल्या बर्फाच्या पेटीत टाका; चालायचं नसेल तर सोडून द्या. खाऱ्या पाण्यातही गाठ नको, ओढली की सुटेल अशी क्लिप हवी, आणि दोरी पंधरा फूट तरी लांब. तिथे गेटर नसला तरी शार्क असतात. तरंगणारी जाळीची टोपली मिळते, ती बरी. रक्ताचा वास थांबत नाही पण लटकणारे मासे दिसत नाहीत. आणि चाकू बॉक्समध्ये ठेवायची वस्तू नाही.

वास लावलेलं आमिष खिशात ठेवू नका, हेही त्यातच आलं. जिवंत कोळंबीच्या डब्यातून निसटलेली कोळंबी तुमच्याभोवती जेवण मांडत असते.

पाण्यात उतरताना

उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून पाणी बघा. तरंगणारं ओंडक्यासारखं काही दिसलं तर ते वाऱ्याबरोबर सरकतंय का पाहा. ओंडका वाऱ्याने जातो, गेटर स्वतःच्या मनाने. पाण्यावर दोन उंचवटे दिसतात, पुढे नाकपुड्या आणि मागे डोळे. त्यांच्यातलं अंतर जितके इंच, तितके फूट साधारण त्याची लांबी. आठ इंच वाटलं तर आठ फुटांचा गेटर. कुणी उंचवट्यांमधलं अंतर मोजायला जवळ जाऊ नये, एवढं सांगायला नकोच.

इथली भरती-ओहोटी कोकणासारखी नाही. दीड-दोन फुटांचा फरक, तोही बऱ्याचदा दिवसातून एकदाच. पाण्याची खरी हालचाल वारा ठरवतो: आग्नेयेचा वारा पाणी खाडीत कोंबतो, थंडीतला उत्तरेचा वारा ते उपसून बाहेर नेतो. म्हणून भरतीच्या तक्त्याबरोबर वाऱ्याचा अंदाज बघायचा.

पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत न्यायचं. वाळूत पुरून बसलेल्या पाकटाला पायाचा धक्का लागला तर ते निघून जातं. त्याच्या अंगावर पाय पडला तर नांगी मारतं. हे घासत चालणं पहिल्या दिवशी हास्यास्पद वाटतं, तिसऱ्या दिवशी सवयीचं होतं. तळ मऊ लागला, पाय नडगीपर्यंत गेला, की तिथेच थांबून आल्या वाटेने मागे. चिखलात अडकलेला माणूस कुठल्याच प्राण्यापासून मागे हटू शकत नाही.

गवताच्या काठापासून निदान तीस-चाळीस पावलं आत राहा, आणि काठाकडे तोंड करून गळ टाका. माझ्यासारखं ओहोळाच्या तोंडात, पाठ गवताकडे करून उभं राहायचं नाही. ओहोळाच्या बाजूला, कडक वाळूवर उभं राहूनही त्याच्या तोंडात गळ पोहोचतो. कमरेच्या वर पाणी जाईल असं खोल जाऊ नका. एकटे जाऊ नका. सोबती हाक मारल्यावर ऐकू येईल इतक्या अंतरावर हवा. कुत्रा घरी. गेटरच्या पाण्यात लहान मुलंही घरी.

पाण्यावर फडफडणारं आमिष, ज्याला इथे टॉपवॉटर म्हणतात, आणि टपटप आवाज करणारा बुचाचा तरंगता पॉपिंग कॉर्क, ही दोन्ही जखमी माशाचा आवाज काढतात. ट्राउटला तो आवाज कळतो, तसा गेटरलाही. काही ठिकाणचे गेटर या आवाजाला चांगलेच सरावले आहेत. नदीजवळ असाल तर पाण्याखालून जाणारा रबरी मासाच वापरा.

दिसला तर

लांब, शंभर फुटांपलीकडे आणि स्थिर असेल तर त्याच्यावर एक डोळा ठेवून विरुद्ध दिशेला सरका. तुमच्याकडे येत असेल तर गळ आत घ्या, फेकणं बंद. गळाला मासा असेल तर दोरी कापा. मासा सोडवत बसू नका, फोटोचा तर विचारही नको. पाणी न उडवता, त्याच्याकडे तोंड ठेवून, हळूहळू उथळ आणि कडक तळाकडे मागे हटा. तो गवतातून आला असेल तर गवताकडे नाही, काठाला समांतर जा. स्ट्रिंगर असेल तर क्लिप ओढा आणि ते मासे त्याचे झाले असं समजा. बहुतेक वेळा एवढ्यावर गोष्ट संपते.

त्याने तुमचा जिग गिळला तर ओढाताण नको, कापा. त्याला डिवचणं, त्याच्यावर गळ फेकणं हा मूर्खपणा तर आहेच, शिवाय कायद्यानेही परवान्याशिवाय त्याच्या वाटेला जाता येत नाही. आणि माणसाला न भिणारा, मासे मागायला जवळ येणारा गेटर दिसला तर टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफला कळवा. कुणीतरी त्याला खाऊ घालून तसा बनवलेला असतो.

पकडलंच, तर प्रतिकार करा: डोळे, नाक, जे हाताला लागेल तिथे जोरात मारा. जबडा उघडायच्या फंदात पडू नका. सुटलात तर जखम छोटी दिसली तरी ९११ आणि हॉस्पिटल.

ज्याने खरोखर इजा होते

पाकटाची नांगी बसली तर जखमेवर सोसेल इतकं गरम पाणी, तासभर तरी. ते विष उष्णतेने मंदावतं. थर्मासमध्ये गरम पाणी नेण्याची माझी सवय चहासाठी म्हणून सुरू झाली, आता दोन थर्मास असतात. नांगी खोल घुसली असेल, किंवा छाती-पोटावर बसली असेल, तर काटा ओढू नका, थेट डॉक्टर.

कालवांचे खडक म्हणजे ब्लेडांचा ढीग, आणि कापलं की खरा शत्रू पुढे येतो. उन्हाळ्यात कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. उघड्या जखमेतून ते आत गेले तर एका दिवसात पाय वाचवायची वेळ येऊ शकते. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना धोका फार मोठा, आणि आपल्या लोकांत मधुमेह किती घरांत आहे ते सांगायला नको. अंगावर ताजी जखम असेल तर त्या दिवशी उतरू नका. पाण्यात कापलं तर बाहेर या, स्वच्छ पाणी आणि साबणाने धुवा. लाली पसरली, फोड आले, ताप चढला तर रात्र काढू नका. इमर्जन्सीत जाऊन पहिलं वाक्य हेच म्हणा, की मी खाऱ्या पाण्यात होतो.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की बाहेर. हातातला ग्रॅफाइटचा रॉड म्हणजे सपाट खाडीतला सर्वांत उंच वीजवाहक. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीत बसा.

मासे घरी नेण्याआधी एक गोष्ट. हूस्टनच्या कारखान्यांचं पाणी याच खाडीला मिळतं, म्हणून राज्याचं आरोग्य खातं कुठला मासा कुठून धरला तर किती खावा याचा सल्ला जाहीर करतं. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर तो आधी वाचा.

आणि मासे साफ कुठे करायचे? धक्क्यावर नाही. आतडी, डोकी पाण्यात टाकली की दुसऱ्या दिवशी गेटर तिथे हजर, आणि टेक्सासमध्ये मोकळ्या गेटरला मुद्दाम खाऊ घालणं हा गुन्हा आहे. सगळं घरी न्या. डोकी आमटीला जातात. उरलेलं दोन पिशव्यांत बांधून कचऱ्याची गाडी यायच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा. जुलैच्या उन्हात ते डब्यात टाकलंत तर गेटर येणार नाही, पण शेजारी नक्की येतील.